कोर्स लावण्याआधी

चि. बाळास अनेक आशीर्वाद,

मेकॅनिकलचं तिसरं वर्ष संपत आलं, कंपनीत उपयोगी पडेल असं काहीच येत नाही, म्हणून डिझाइन सॉफ्टवेअरचा सहा महिन्यांचा कोर्स लावू का, असं विचारलंयस. लाव हवा तर, पण त्याआधी जरा ऐक.

आमच्याकडे फ्रेशर मुलाखतीला आला की मी टेबलावर एक बुश (मधे आरपार भोक असलेला धातूचा नळीसारखा तुकडा), त्याचं ड्रॉइंग आणि एक व्हर्नियर (माप घ्यायचं साधन) ठेवतो. ड्रॉइंगवर बोअरला, म्हणजे त्या भोकाला, 25 एच7 लिहिलेलं असतं: 25 मिमी माप आणि त्यात चालणाऱ्या फरकाची खूण. 'बोअर तपासून दे' एवढंच म्हणतो. बहुतेक जण लगेच व्हर्नियर उचलतात आणि ठासून सांगतात, '25.02, ओके.' मग मी लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर वाचता येणारं सगळ्यात लहान माप, विचारतो. 0.02 मिमी, तोंडपाठ! टॉलरन्सचा, म्हणजे मापात चालणाऱ्या फरकाचा, तक्ता पुढे केला की 25 एच7 म्हणजे शून्य ते अधिक 21 मायक्रॉन (हजार मायक्रॉनचा एक मिमी), हेही बरोबर शोधतात. म्हणजे सगळी सूट 21 मायक्रॉनची आणि हातातलं व्हर्नियर 20 मायक्रॉनच्या खालचं वाचतच नाही. ते खाली ठेवून 'सर, बोअर गेज किंवा प्लग गेज मिळेल का?' असं भोक नेमकं तपासायचं साधन विचारणारा क्वचितच भेटतो. जो विचारतो, त्याची मार्कशीट बघायची मला गरजच वाटत नाही.

यातलं कॉलेजनं काय शिकवलं नव्हतं? लीस्ट काउंट झालं, फिट्स आणि टॉलरन्स झालं, मेट्रॉलॉजीत गेजही झाले. सगळं वेगवेगळ्या पेपरांना, एका जॉबवर, म्हणजे हातातल्या एका तुकड्यावर, एकत्र मात्र कधीच नाही. त्यामुळे सिलॅबस जुना झालाय ही ओरड मला अर्धीच पटते. बोअर मोजायची रीत काही दर दोन वर्षांनी बदलत नाही.

खरी खोट आहे प्रॅक्टिकलमध्ये. उत्तर किती यायला हवं ते आधीच ठाऊक असतं. मग उलटा हिशेब करून रीडिंग बसवायची, सिनियरच्या जर्नलवरून आकृती उतरवायची आणि सबमिशनच्या दिवशी सह्यांसाठी रांग लावायची. शॉपवर, म्हणजे कारखान्यात, नेमकं याच्या उलट असतं. तिथे न जुळणारं रीडिंग हीच बातमी असते. मे महिन्यात मशीनवरून काढलेला शाफ्ट गरम असतानाच मोजला तर ओके, आणि तोच स्टँडर्ड रूममध्ये (ठरावीक तापमानाची मोजणीची खोली) 20 अंशांना अंडरसाइज, म्हणजे मापापेक्षा लहान. 100 मिमीचा पोलादी जॉब 10 अंशांनी तापला की साधारण 11-12 मायक्रॉन वाढतो. हे गणित तू अकरावीत सोडवलंयस. पण ज्याला आकडा बसवायची सवय लागली आहे त्याला हा फरक दिसला तरी तो दाबून टाकेल. माल गिऱ्हाइकाकडून परत आल्यावर सगळ्यांना कळेल.

तेव्हा उरलेल्या प्रत्येक प्रॅक्टिकलला रीडिंग स्वतःचं घे. नाही जुळलं तर तसंच राहू दे आणि खाली का जुळलं नसावं ते चार ओळींत लिही. एखादा मार्क जाईल, जाऊ दे.

त्या चार ओळींचा आणखी एक फायदा आहे. 'मशीनमध्ये प्रॉब्लेम आहे' असा मेल कोणीही टाकतो. 'दुसऱ्या शिफ्टला इन्सर्ट (कापणारं पातं) बदलल्यापासून बोअर 12 मायक्रॉनने मोठा येतोय' असं लिहिणारा पोरगा किंवा पोरगी मला हवी असते. इंग्रजी मोडकं असलं तरी चालतं, मजकूर मोडका नको.

आता कंपन्यांबद्दलही बोलतो, नाहीतर तुला वाटेल काका आपल्याच लोकांची बाजू घेतायत. 'इंडस्ट्री-रेडी' पोरं हवीत म्हणून सभांमध्ये गळा काढणारे कितीतरी जण ट्रेनिंगवर दमडी खर्च करत नाहीत. अप्रेंटिस कायदा 1961 चा आहे. 2019 च्या नियमांनुसार 30 किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे. काही जण मनापासून शिकवतात, काहींना फक्त स्वस्तातला ऑपरेटर हवा असतो. जॉइन होण्याआधी तिथल्या जुन्या अप्रेंटिसला गाठून विचार, वर्षभरात किती विभाग फिरलास? 'एकच मशीन' असं उत्तर आलं तर नाव कितीही मोठं असो, दुसरीकडे बघ. इंटर्नशिपलाही हेच लागू. भोसरीतल्या दहा मशीनच्या वर्कशॉपमध्ये सेटिंगपासून डिस्पॅचपर्यंत सगळं डोळ्यांसमोर घडतं. मोठ्या प्लँटमध्ये पुष्कळदा गळ्यात कार्ड आणि हातात पीपीटी.

राहता राहिला कोर्स. सॉफ्टवेअर येणं आणि ड्रॉइंग येणं, दोन्ही वेगळं. थ्रीडी मॉडेल छान फिरवून दाखवणाऱ्यांना टॉलरन्स का दिली हे विचारलं की ते गप्प होतात. आधी एक खरं प्रॉडक्शन ड्रॉइंग घे, त्यावरची प्रत्येक खूण कशासाठी आहे ते मला सांग, मग फी भर.

ड्रॉइंग माझ्याकडे आहे. गुरुवारी आमची सुट्टी असते, तो वार सोडून कधीही ये. चप्पल घालून आलीस तर गेटवरच अडवतील, बूट घाल. बाबांना नमस्कार सांग.

तुझा,
काका