नेपाळला पुन्हा निघण्यापूर्वी

भाऊ, पुण्याहून सुवार्तेच्या (ख्रिस्ती धर्मप्रसाराच्या) कामासाठी नेपाळला जाताना भारतीयांना व्हिसा लागत नाही, म्हणून तिथला कायदाही आपल्यासारखाच असेल असे मानू नका; २०१७ च्या फौजदारी संहितेतील कलम १५८ नुसार धर्मांतर घडवून आणणाऱ्यास ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि परदेशी व्यक्तीला शिक्षा भोगून झाल्यावर देशाबाहेर काढले जाते. आपण परत येतो. चौकशीला तोंड द्यावे लागते ते तिथल्या मंडळीला, म्हणजे स्थानिक ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांना. म्हणून तिथल्या पाळकांनी बोलावल्याखेरीज जाऊ नका आणि त्यांना विचारल्याशिवाय उपासनेचे फोटो कोणाला पाठवू नका. लिपी देवनागरीच आहे, या समजुतीवर मी पहिल्या तीन खेपांत नेपाळी शिकण्याचा आळस केला. पंडिता रमाबाईंनी बायबलच्या मराठी भाषांतरासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतल्या होत्या, हे त्यांचे मुक्ती मिशन असलेल्या केडगावच्या इतक्या जवळ राहूनही मला सुचले नाही. दर खेपेला नवे गाव गाठण्यापेक्षा त्याच घरी पुन्हा उतरा.