म्यानमार सीमेवर पूर्ण कुंपण घातलं तर ईशान्येतली बंडखोरी संपेल का?

नाही. तस्करीला थोडाफार चाप बसेल, पण बंडखोरांचे तळ कुंपणाने उठत नाहीत. ते शेजारचं सरकार उठवतं, तेही त्याला स्वतःला झळ बसू लागली की.

भूतानचंच बघा. उल्फा, एनडीएफबी आणि केएलओ या आसाम-उत्तर बंगालमधल्या बंडखोर संघटना दक्षिण भूतानच्या जंगलात ठाण मांडून होत्या. आसामात उतरायचं, हल्ला करायचा, पुन्हा डोंगर गाठायचा. थिंफू, म्हणजे भूतानचं सरकार, त्यांना 'निघून जा' म्हणून वर्षानुवर्षं विनवत राहिलं. आपल्याकडे याला बोटचेपेपणा म्हणायची पद्धत होती, पण त्यांची अडचण खरी होती. पूर्वेच्या सामद्रुप जोंगखारहून पश्चिमेच्या फुंत्शोलिंगला जायचा सोयीचा रस्ता आसाम-बंगालमधूनच जातो. उल्फाला डिवचलं की त्याच रस्त्यावर भूतानी प्रवासी तिच्या तावडीत सापडणार. तरी १५ डिसेंबर २००३ ला राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक यांनी सैन्य घातलं, स्वतःही मोहिमेत उतरले. तीस तळ मोडले. पळवाटा आपल्या सैन्याने अडवल्या. सीमा तेव्हा खुलीच होती!

बांगलादेशातही तेच. २००४ मध्ये चितगावला दहा ट्रक भरून शस्त्रं सापडली. ती उल्फासाठी होती. २००९ मध्ये शेख हसीना सत्तेवर आल्या आणि वर्ष संपायच्या आत उल्फाचे अध्यक्ष अरविंद राजखोवा आपल्या ताब्यात आले.

म्यानमारची गोची वेगळी आहे. २०१९ मध्ये तिथल्या लष्कराने सीमेलगतच्या सगाइंग प्रांतातल्या टागा इथले बंडखोरांचे तळ उठवले होते. पण २०२१ च्या लष्करी उठावानंतर सगाइंग आणि चिन राज्याचा मोठा भाग लष्कराच्याच हातात नाही. नेपिडोने, म्हणजे तिथल्या लष्करी सरकारने, उद्या शब्द दिला तरी तो पाळणार कोण?

आणि १,६४३ किलोमीटरचं कुंपण कोणाच्या दारातून नेणार? नागालँडच्या लोंग्वा गावात कोन्याक राजाच्या, म्हणजे अंघाच्या, घरातूनच सीमारेषा जाते. गावकऱ्यांची शेतं पलीकडे आहेत. पूर्वी सीमेपासून १६ किलोमीटरपर्यंत बिनव्हिसा ये-जा चालायची, आता १० किलोमीटर आणि तीही पासवर. कुंपण आणि ही मोकळी ये-जा बंद करण्याविरुद्ध २०२४ मध्ये मिझोराम आणि नागालँड दोन्ही विधानसभांनी ठराव केले. रात्री पलीकडून कोण आलं ही खबर सीमेवर पहारा देणाऱ्या आसाम रायफल्सला याच गावांतून मिळते. मणिपूरच्या मोरेह या सीमेवरच्या गावाजवळ कुंपण घाला, माझी हरकत नाही. लोंग्वात घालायचं असेल तर आधी अंघाशी बोला.