पाण्याआधी मीठ मोजा

ताई, तुमचा प्रश्न वाचला. सासरे आठवड्यातून तीनदा ऐरोलीहून ठाण्याला डायलिसिसला येतात. पाणी तुम्ही मापाने देता, तरी दर वेळी 3-3.5 किलो वजन वाढलेलं असतं. मशीनवर पायात गोळे येतात आणि घरी आले की भिंतीकडे तोंड करून पडून राहतात, न जेवता, न बोलता. कुणीतरी तुम्हाला सांगितलंय की डायलिसिसच्या पेशंटचं हे असंच असायचं. मी ठाण्यातच डायलिसिस युनिटमध्ये सिस्टर म्हणून बरीच वर्षं काढली आहेत. थोडा थकवा सगळ्यांनाच येतो, पण इतकं गळून जाणं गृहीत धरू नका.

मशीन पाणी काढतं ते रक्तातून. अंगात साठलेलं पाणी मागून हळूहळू रक्तात उतरतं. काढायचा वेग त्याहून जास्त झाला की बीपी पडतं. आधी जांभया येतात, मग घाम, मग गोळे. तासाला किलोमागे 13 मिलिलिटरच्या वर जाऊ नये असा ढोबळ हिशेब आहे. सासऱ्यांचं वजन 60 किलो धरलं तर 4 तासांत जेमतेम 3 लिटर. म्हणजे तुमची गाडी दर वेळी काठावर किंवा काठाच्या पलीकडे.

आता पाणी मोजूनही वजन का वाढतं? मिठामुळे. साधारण 8 ग्रॅम मीठ पोटात गेलं की त्याच्याबरोबर लिटरभर पाणी अंगात राहतं. मीठ चालू ठेवून पाणी तोडलंत तर म्हातारा माणूस तहानेने चिडणारच, त्यांचा दोष नाही. लोणचं, पापड, फरसाण, सुकट, पाव, पाकिटातलं सूप यांवर आठवडाभर लक्ष ठेवा. भाजीत मीठ निम्मं करा, वर लिंबू पिळा, जिरेपूड घाला. पण 'लो सोडियम' मीठ आणू नका. त्यात पोटॅशियम असतं आणि या पेशंटच्या हृदयाला ते घातक ठरू शकतं. तीच गोष्ट शहाळ्याची. हॉस्पिटलच्या गेटवर शहाळी मिळतात, भेटायला येणारे हौसेने घेऊन येतात, आणि आम्ही सिस्टर लोक ती परत पाठवत बसतो! कमरखाची तर फोडसुद्धा नको, किडनी गेलेल्यांना ते फळ विषासारखं बाधतं.

दुसरी शंका ड्राय वेटची, म्हणजे अंगात जास्तीचं पाणी नसताना जे वजन असायला हवं त्याची. मध्यंतरी भूक सुधारून अंगावर मांस चढलं असेल आणि कागदावर जुनाच आकडा असेल, तर जास्तीचं समजून हवं असलेलं पाणीही काढलं जातं. पायाला सूज नाही, दम नाही, तरी शेवटच्या तासाला गोळे येतात, असं असेल तर डॉक्टरांना आकडा पुन्हा तपासायला सांगा. मशीनमधल्या पाण्याचं तापमान 37 ऐवजी 36 च्या आसपास ठेवलं तर बऱ्याच जणांचं बीपी टिकतं, हेही विचारून बघा. बीपीची सकाळची गोळी कधी घ्यायची तेही त्यांनाच विचारा, मनाने बंद करू नका. मशीनवर भरपेट नाश्ता टाळा, बीपी पडणाऱ्यांना तो सोसत नाही.

थंडी वाजली तर चादर द्या, पण फिस्टुलाचा, म्हणजे डायलिसिसच्या सुया लावायला ऑपरेशन करून रक्तवाहिन्या जोडलेला हात उघडा राहू दे. चादरीखाली सुई निसटली तर रक्त कुणाला दिसतही नाही, आणि मशीन दर वेळी ओरडेलच असं नाही. आमच्याकडे नवीन सिस्टरला सुई लावायला शिकवायच्या आधी हे शिकवायचे. घरी रोज सकाळी फिस्टुलावर बोटं ठेवून थरथर लागते का बघायची. ती थांबली तर पुढच्या डायलिसिसची वाट न बघता त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. त्या हाताला बीपीचा पट्टा नको, रक्त काढणं नको, घड्याळ नको.

राहिलं न बोलणं. माझ्या मते निम्मं दुखणं इथे आहे. 4 तास आपल्याला कुणीतरी काहीतरी करतंय, आपण नुसते पडलोय, ही भावना माणसाला खाते. डायरीत वजन त्यांनाच लिहू द्या आणि सिस्टरला त्यांनीच सांगू दे. सुई काढल्यावर हातमोजा घालून गॉझ स्वतः दाबून धरायला शिकवायला सांगा, बहुतेकांना जमतं. सुईची भीती असेल तर आधी लावायचं बधिर करणारं मलम मिळतं. बीपी ठीक असेल तर पहिल्या दोन तासांत पावलं वरखाली, गुडघे वाकवणं असं हलकं करता येतं. रात्री खाज सुटते का, पाय स्वस्थ राहत नाहीत का, हे खोदून विचारा. पुरुष माणसं आपणहून सांगत नाहीत, झोप उडालेली असते आणि आपण म्हणतो चिडचिडे झालेत. एवढं करूनही दोन-तीन आठवडे जेवणातलं, टीव्हीतलं, नातवंडांतलं मन उडालेलं दिसलं तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. नैराश्यावर यांनाही औषध चालतं, डोस तेवढा तेच ठरवतील.

त्यांचे वार सोमवार-बुधवार-शुक्रवार असतील तर सगळ्यात जपायचा तो रविवार, कारण मधली सुट्टी मोठी असते. मटणाचा रस्सा वाटीभरच. रात्री आडवं झाल्यावर दम लागला तर सोमवारची वाट बघू नका, लगेच हॉस्पिटलला या.