स्ट्रिंग क्वार्टेट आणि पोटापाण्याचा प्रश्न

सप्रेम नमस्कार,

वाशीहून आलेले आपले पत्र वाचले. आपली कन्या बारावी वाणिज्यला आहे, ट्रिनिटी कॉलेज लंडनची व्हायोलिनची सातवी ग्रेड ती उत्तीर्ण झाली आहे आणि तीन मैत्रिणींसह तिने उभ्या केलेल्या स्ट्रिंग क्वार्टेटमध्ये, म्हणजे दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो अशा तंतुवाद्यांच्या चौकडीत, जॅझ, पाश्चात्त्य अभिजात संगीत आणि यमन असे सारे वाजवले जाते. हेच पुढे करायचे असा तिचा हट्ट आहे, आणि ‘यावर पोट भरेल का’, असा आपला प्रश्न आहे.

निव्वळ क्वार्टेटवर आपल्याकडे पोट भरेल, असे मी म्हणणार नाही. अमेरिकेत ही वाट मळलेली आहे. १९७३ मध्ये स्थापन झालेल्या क्रोनॉस क्वार्टेटने २००५ मध्ये राहुलदेव बर्मन यांच्या गाण्यांचा अल्बम केला, तेव्हा गायला साक्षात आशा भोसले होत्या. तर १९८५ पासूनच्या टर्टल आयलंड क्वार्टेटला जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांच्या संगीतावरील अल्बमसाठी ग्रॅमी मिळाले.

आपण पाठवलेले ध्वनिमुद्रण मी दोनदा ऐकले. यमन सुरेल आहे, परंतु जॅझच्या तुकड्यात चौघीही सुरावटच वाजवत आहेत आणि ठेका कोणीच धरलेला नाही. जॅझमध्ये ते काम ड्रम आणि बास करतात. क्वार्टेटमध्ये ही दोन्ही वाद्ये नसल्यामुळे चेलोवादकाला गज बाजूला ठेवून बोटांनी तारा छेडत बासची चाल सांभाळावी लागते, आणि एखाद्या व्हायोलिनला गजाचा मुठीकडचा भाग तारांवर आपटून ‘चॉप’ नावाचा खरखरीत आघात द्यावा लागतो. ग्रेडच्या परीक्षांची तयारी करताना हे सहसा शिकवले जात नाही. वर्षानुवर्षे समोर नोटेशन ठेवून वाजवणाऱ्या मुलांना आयत्या वेळी आठ मात्रा स्वतःच्या मनाने भरायला सांगितल्या, की घाम फुटतो.

तिने व्हायोलाही हाती घ्यावा, असा माझा आग्रह आहे. तो आकाराने थोडा मोठा आणि एका पंचमाने, म्हणजे सा ते प एवढ्या अंतराने, खाली मिळवलेला असतो, त्याचे नोटेशन वेगळ्या क्लेफमध्ये, म्हणजे ओळींवरील स्वरांच्या जागा ठरवणाऱ्या वेगळ्या चिन्हानुसार, लिहितात, आणि व्हायोलिनवादकांच्या तुलनेत व्हायोलावादक फारच कमी असल्याने कामाच्या संधी बऱ्या असतात. नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात २००६ पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. तिथल्या मैफली तिने ऐकायलाच हव्यात, मग हार्बर लोकलने परतताना रात्र झाली तरी चालेल. उत्पन्न मात्र मुख्यतः शिकवण्या, समारंभांतील वादन, थोडेफार स्टुडिओतील काम आणि अरेंजिंग, म्हणजे इतरांसाठी वाद्यांचे भाग लिहून देणे, यांतून येईल.

म्हणून बी.कॉम.ला प्रवेश घ्यावाच. बोस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयात तंतुवाद्यांचा स्वतंत्र विभाग आहे, परंतु तिथला खर्च पाहता शिष्यवृत्तीशिवाय तो विचार नको. चेन्नईचे केएम म्युझिक कॉन्झर्व्हेटरी हे संगीत विद्यालय आधी पाहून यावे.

परीक्षा संपल्यावर तिने यमनमधील एका बंदिशीचे चौघींसाठी चार भाग स्वतः लिहावेत, ठेका कोण धरणार हे त्यात स्पष्ट नोंदवावे, आणि ते कागद ध्वनिमुद्रणासह मला पाठवावेत. चेन्नईबद्दल त्यानंतर बोलू.