'स्वर्गीय जीवन' आणि शोकसभेचा घोळ

ताई, तुमचा प्रश्न असा की कॉटेज मीटिंगच्या (म्हणजे ख्रिस्ती मंडळींच्या घरगुती प्रार्थनासभेच्या) पत्रकावर 'रोजचं स्वर्गीय जीवन' असं हेडिंग टाकलं आणि घरात पहिला सवाल आला, कोण गेलं? मग स्वर्गाकडे लक्ष ठेवून रोजचं जगणं याला मराठीत म्हणायचं तरी काय?

घरच्यांचं काही चुकलेलं नाही. हल्ली 'स्वर्गीय' म्हटलं की एकतर फोटोला हार घातलेला असतो नाहीतर बासुंदी जमलेली असते. आपल्याकडे म्हणीसुद्धा बघा, 'आपण मेल्याशिवाय स्वर्ग दिसत नाही', म्हणजे स्वर्ग कायम मरणाच्या पलीकडेच. आणि गर्व चढलेल्याला स्वर्ग दोन बोटं उरतो, तेही तुम्हाला नको असणार. शिवाय गीतेतला स्वर्ग पुण्य संपलं की सोडून परत खाली यायचा, ख्रिस्ती अर्थ त्यात आपोआप बसत नाहीच. फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइट धर्मगुरूंनी १६१६ च्या क्रिस्तपुराणात, म्हणजे ख्रिस्तावरच्या मराठी काव्यात, स्वर्गासाठी 'वैकुंठ' वापरलं होतं, म्हणजे शब्दाची ही ओढाताण चारशे वर्षं जुनी आहे.

'स्वर्गकेंद्रित' चालेल, पण सेमिनारचा वास येतो. 'स्वर्गाभिमुख' म्हणजे फ्लॅटची जाहिरात, पूर्वाभिमुख टू बीएचके टाईप. 'स्वर्गाकडे डोळे लावून' तर अजिबात नको, डोळे लावून बसणारा माणूस दुसरं काही करत नाही, नुसती वाट बघतो.

माझं मत विचाराल तर मराठी बायबलातच चांगला शब्द पडलाय. कलस्सैकरांस पत्र ३:२ (प्रेषित पौलाने कलस्सै इथल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेलं पत्र), 'वरील गोष्टींकडे मन लावा'. मूळ ग्रीक क्रियापद बघण्याचं नाही, विचाराच्या धाटणीचं आहे, आणि आपलं 'मन लावणं' त्याला मस्त बसतं, कारण मराठीत मन कामात लावतात, 'मन लावून अभ्यास कर', 'मन लावून स्वयंपाक केलाय' वगैरे. पौलाचंही तेच चाललंय, वरच्या गोष्टी म्हटल्यावर तो ढगांचं वर्णन करत बसत नाही, त्याच अध्यायात लगेच राग सोडा, खोटं बोलू नका, एकमेकांना क्षमा करा, नवऱ्यांनी बायकोशी कठोर वागू नये, बापांनी मुलांना चिडवू नये, आणि जे काम कराल ते प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा, इथपर्यंत येतो, आणि पुढच्या अध्यायाच्या पहिल्याच ओळीत मालकांनाही नोकरांशी न्यायाने वागायला सांगतो. म्हणजे वरच्या गोष्टी सगळ्या घरात नि कामावरच सापडतात.

दुसरा ऑप्शन फिलिप्पैकरांस ३:२०, 'आपले नागरिकत्व स्वर्गात आहे'. फिलिप्पै हे मासेदोनियातलं गाव, पण रोमन वसाहत, रिटायर झालेले सैनिक तिथे वसवलेले, राहायचं इथे आणि कायदा, रीत, ऐट सगळी रोमची. त्यांना हे वाक्य पटकन कळलं असणार. पत्रकावर मात्र 'स्वर्गाचे नागरिक' टाकलंत तर आधार कार्डाचे जोक येतील, तयारी ठेवा.

तेव्हा हेडिंग 'वरच्या गोष्टींकडे मन लावून' आणि खाली बारीक अक्षरात वचन. आत मजकुरात 'स्वर्गीय पिता' असेल तर तो तसाच राहू द्या, मंडळीच्या कानाला तो पक्का बसलाय, गेलेल्या माणसाला आपल्यात तसंही 'ख्रिस्तवासी' म्हणतात त्यामुळे घोळ होत नाही. फक्त जागा कमी पडली म्हणून डीटीपीवाल्याला 'स्व. पिता' करू देऊ नका.