'कोयता' हा शब्द मराठी की कन्नड? सत्तूर म्हणजे कोयताच का?

शब्द मराठीच, पण त्याचं मूळ द्राविडी. मी निपाणीकडचा. दोन्ही भाषा रोज कानावर पडतात, त्यामुळं हे नातं इथं लगेच ऐकू येतं. कन्नडात कापणं, खुडणं म्हणजे 'कोय्यु' आणि 'कोय्त' म्हणजे कापणी. मल्याळीत सुगीच्या कापणीला 'कोय्त्तु' म्हणतात, तेलुगूत 'कोत', तमिळमध्ये 'कोय्' म्हणजे खुडणं. तिकडं जे कामाचं नाव आहे ते मराठीत हत्याराला पडलं. कोकणीतला 'कोयतो' त्यातलाच.

मात्र खुद्द कन्नडात अशा जड हत्याराला सहसा मच्चू किंवा कत्ती म्हणतात आणि विळ्याला कुडगोल. म्हणून 'कन्नड शब्द जसाच्या तसा उचलला' हे मला पटत नाही. मूळ क्रियापद तिकडचं, अर्थ आपल्याकडं घडला.

सत्तूर वेगळा. ते खाटकाचं रुंद पात्याचं हत्यार, ओंडक्यावर ठेवून हाडं तोडायचं. हा शब्द अरबी 'सातूर', फारसीतून आपल्याकडं आला. (सुरी संस्कृत 'क्षुरिका'वरून, चाकू तुर्कीतून. धारेची हत्यारं एका घरातली, पण नावं चार मुलखांची.)

कोयत्याचं पातं टोकाकडं जड आणि आत वळलेलं असतं. हात फक्त दिशा देतो, घाव वजनानं बसतो. ऊस तोडताना तो जमिनीलगत, बुडातून घ्यावा लागतो, कारण साखर बुडाकडं जास्त. मग त्याच कोयत्यानं पाला सोलायचा, वाडं म्हणजे हिरवा शेंडा छाटायचा आणि नंतर मोळी बांधायची. बोथट कोयत्यानं दिवस निघत नाही, म्हणून फडात, म्हणजे उसाच्या रानात, कानस जवळच असते.

आणि या शब्दाचा सगळ्यात मोठा अर्थ फडातच घडलाय. चिकोडी, रायबाग, अथणीच्या कारखान्यांकडं हंगामात बीडकडच्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात, त्यांच्यात 'एक कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस 'अर्धा कोयता'. टोळीचा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती कोयत्यावर, म्हणजे जोडीवर. बाई दिवसभर बरोबरीनं राबते, पण हिशेबात तिचं वेगळं नाव क्वचितच येतं. हे मला फार खटकतं. तेव्हा बातमीत 'दहा कोयत्यांची टोळी' असं वाचलंत, तर तिथं वीस माणसं आहेत असं समजा.