‘तोबा गर्दी’मधली तोबा कुठली?

परभणीच्या एका वाचकांची शंका आहे. त्यांनी ‘उरुसाला तोबा गर्दी झाली होती’ असं लिहिलं. त्यावर मित्राने हरकत घेतली: तोबा म्हणजे पापाची माफी मागणं, गर्दीला ते विशेषण लावणं चूक, त्यातून दर्ग्याच्या उरुसाबद्दल लिहिताना तर ते बरंही दिसत नाही. तोबा आणि तौबा एकच का, आणि ‘तोंडात तोबरा’मधला तोबरा याच घरातला का, हेही त्यांनी विचारलंय.

वाक्य बिनधास्त ठेवा. शब्द एकच आहे. मूळ अरबी तौबा, ती फारसी-दखनीतून आपल्याकडे येताना तोबा झाली, जशी नौबतीची नोबत झाली. मित्राचं म्हणणं मुळाच्या बाबतीत बरोबर आहे, पण मराठीने त्या शब्दाचं पुढे काय केलं हे त्यांनी पाहिलेलं नाही.

भाव ऐकून, पोरांचा दंगा बघून, उन्हाने जीव नकोसा होऊन माणूस ‘तोबा तोबा’ म्हणतो आणि कानाच्या पाळ्यांना हात लावतो. जी गर्दी बघून तोंडातून तोबा निघते ती तोबा गर्दी. उद्गार पुढे विशेषणाच्या जागी जाऊन बसला, एवढंच. संस्कृत ‘त्राहि’चंही असंच झालं. त्राहि म्हणजे ‘रक्षण कर’, सरळ आज्ञार्थी क्रियापद. आपण मात्र ‘पाण्यासाठी त्राही त्राही झाली’ म्हणतो. देवाला मारलेली हाक संकट मोजायला वापरायची, ही मराठीची जुनी खोड आहे. गंमत अशी की तोबा उकाडा किंवा तोबा पाऊस कुणी म्हणत नाही. विशेषण म्हणून तिची जोडी जमली ती गर्दीशीच. आमच्या मराठवाड्यात गावाकडची माणसं तर तेही म्हणत नाहीत, ती ‘मायंदाळ गर्दी’ म्हणतात.

काही जण या शब्दाचं श्रेय निजामाला देतात. १९४८ पर्यंत इथला कारभार उर्दूत चालत होता, त्यामुळे मराठवाड्यातला कुठलाही अरबी-फारसी शब्द त्या खात्यावर टाकायची सवय लागली आहे. तोबा गर्दी पुण्या-नाशकातही तेवढीच होते. तेव्हा हे श्रेय निजामाला नको.

आता मुळाकडे, कारण खरी मजा तिथे आहे. आपण तौबाचा अर्थ पश्चात्ताप असा सांगतो. पश्चात्ताप म्हणजे मागाहून होणारा ताप, जळणं. अरबी धातूचा अर्थ मात्र ‘परतणं’ असा आहे. चुकीच्या वाटेवरून माघारी फिरून अल्लाहकडे वळणं. आणि कुरआनात हे क्रियापद दोघांनाही लागतं. माणूस अल्लाहकडे वळतो आणि अल्लाह माणसाकडे वळतो. फरक फक्त सोबतच्या शब्दयोगी अव्ययाचा. अत्-तव्वाब, म्हणजे पुन्हा पुन्हा वळणारा, तौबा कबूल करणारा, हे अल्लाहच्या नावांपैकी एक. अत्-तौबा याच नावाच्या नवव्या सूरेत, म्हणजे कुरआनाच्या अध्यायात, पैगंबरांच्या तबूकच्या मोहिमेला न गेलेल्या तिघांबद्दल म्हटलंय की अल्लाह त्यांच्याकडे वळला, यासाठी की त्यांनी वळावं. क्रम बघा. दया आधी आहे, माणसाचं परतणं नंतर. ‘आधी शिक्षा भोग, मग बघू’ असा हिशेब त्यात नाही.

हदीसमधली, म्हणजे पैगंबरांच्या वचनांमधली, एक गोष्ट तर मला फार आवडते. उजाड रानात एका माणसाचा उंट हरवतो, दाणापाणी सगळं त्याच्यावरच लादलेलं. माणूस आशा सोडून झाडाच्या सावलीत आडवा होतो, आणि बघतो तो उंट समोर उभा. दोरी हातात धरतो आणि आनंदाच्या भरात बोलून जातो, ‘या अल्लाह, तू माझा दास आणि मी तुझा मालक!’ बोलायचं होतं नेमकं उलट. बंदा तौबा करतो तेव्हा अल्लाहला याहून जास्त आनंद होतो, असं पैगंबरांनी सांगितलंय. एवढी मोठी चूक, आणि ती आनंदाचं माप म्हणून सांगितलेली!

मराठवाड्याशी याचा धागा आहे तो खुलताबादेत. कवी अमीर हसन सिजझी यांची कबर तिथे आहे. दिल्लीचे सूफी संत निजामुद्दीन औलिया यांची बोलणी १३०८पासून टिपून ठेवणारे हेच. तुघलकाने माणसं दौलताबादला हलवली त्या काळात ते इकडे आले. त्या टिपणांचं पुस्तक म्हणजे ‘फवाइदुल फुआद’, आणि त्यातल्या पहिल्याच बैठकीचा विषय तौबा आहे. ज्याने पाप केलंच नाही तो आणि ज्याने करून तौबा केली तो, दोघे सारखेच, असं निजामुद्दीन तिथे सांगतात. आधार हदीसचा: पापापासून परतलेला हा पाप न केलेल्यासारखाच. समतेची चर्चा आपण बहुधा जात, कूळ, वर्ण यांच्याभोवती करतो, आणि कुरआनातही वंश-टोळ्यांचा मोठेपणा खोडून काढलेला आहेच. पण ‘हा जन्माचा सज्जन आणि हा सुधारलेला’ ही उतरंडसुद्धा मोडणारी ही समता मला जास्त अवघड वाटते.

अटी मात्र कडक आहेत. चूक सोडणं, मनाला लागणं आणि पुन्हा न करण्याचा निश्चय, या तीन गोष्टी तौबेला लागतातच. तिसरीला मराठीत ‘कानाला खडा’ हा नेमका शब्द आहे. पण दुसऱ्या माणसाचा हक्क बुडवला असेल तर तो परत केल्याशिवाय किंवा त्याच्याकडून माफी मिळाल्याशिवाय काम भागत नाही. बांध कोरून शेजाऱ्याची जमीन आपल्यात घेतली आणि मशिदीत रडून आलो, असं चालत नाही. हजला निघालेली माणसं आपल्याकडे घरोघर जाऊन ‘कहा-सुना माफ करना’ म्हणतात ती त्यासाठीच. त्यात हिंदू शेजाऱ्यांची घरंही येतात.

तेव्हा लिहिताना एवढं पाळा: धर्माच्या अंगाने बोलायचं असेल तेव्हा ‘तौबा’, गर्दीला आणि उद्गाराला ‘तोबा’. ‘तौबा गर्दी’ असं शुद्ध करायला जाऊ नका, ते कुठल्याच भाषेत बसत नाही. उरुसाच्या बातमीत शब्द खटकेल ही भीतीही नको. दर्ग्याच्या रांगेत घामाघूम उभी असलेली मंडळी स्वतःच तो म्हणत असतात.

राहिला तोबरा. त्याचा तौबेशी काही संबंध नाही. घोड्याच्या तोंडाला बांधायची चंदीची पिशवी म्हणजे तोबरा, शब्द फारसीतला. गालात पान कोंबलेल्या माणसाला तो शब्द कुणी पहिल्यांदा लावला कोण जाणे, पण त्याची नजर चांगली असणार.